तांबड्यावर तांबडा

कोल्हापूरला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. तरीही लोक ते मला सांगायचे थांबत नाहीत. लग्नात, बँकेत, केस कापायच्या दुकानात, कुठंही मी जहाजावर असतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कोल्हापुरात राहून हे कुठनं शिकलास? मी सांगतो, राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी, काळे पडदे लावून. मग ते हसतात. आणि एखादा जुना माणूस असला तर आणखी जोरात हसून म्हणतो, "म्हंजे त्या येड्या कप्तानाकडं व्हय?"

त्या हसण्याचा मला आजही राग येतो. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, ते कप्तान नव्हते. सेकंड मेट होते, म्हणजे जहाजावरचे दुसरे अधिकारी. कप्तान हे नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यांना ते अजिबात चालायचं नाही. कुणी कप्तान म्हणून हाक मारली की ते थांबून त्याला अधिकाऱ्यांची उतरंड समजावून सांगायचे, दूध तापायला ठेवून आलेल्या बाईलासुद्धा. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते मूळचे आजऱ्याकडचे. समुद्र का सोडला ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. काकू शाळेत शिकवायच्या, त्यांच्या पगारावर घर चालायचं. काकूंचं म्हणणं असं की, हे जहाज माझ्या दारात नांगर टाकून बसलंय आणि नांगर काय वर येत नाही.

दुसरी गोष्ट, ते वेडे नव्हते. विक्षिप्त होते, हे मी कबूल करतो. रस्ता ओलांडताना ते समुद्राचे नियम पाळायचे. उजवीकडनं गाडी आली तर हे थांबणार, मग ती सायकल का असेना. डावीकडनं आली तर मात्र वाट तिनं द्यायची, हे आपली चाल आणि दिशा बदलणार नाहीत. राजारामपुरीतल्या रिक्षावाल्यांना हा नियम कुणी कळवलेला नव्हता. करकचून ब्रेक दाबून रिक्षावाला ओरडायचा, "ओ पावणं, घरात सांगून आलाय न्हवं?" सर त्याला तिथंच उभं राहून विचारायचे, "माझी कुठली बाजू दिसली तुला? तांबडी का हिरवी?" रिक्षावाला बिचारा त्यांच्या शर्टाकडं बघत बसायचा.

रात्री समुद्रावर जहाज दिसत नाही, फक्त दिवे दिसतात. डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा, डोलकाठीवर पांढरे. त्यावरनं ओळखायचं की समोर कोण आहे, कुठल्या दिशेनं चाललंय, काय करतंय आणि वाट कुणी कुणाला द्यायची. अधिकाऱ्याच्या परीक्षेत हे तोंडी विचारतात, आणि यात चुकलेल्या पोराला परीक्षक बाकी काही विचारत नाही, दार दाखवतो. सर हेच शिकवायचे. वनस्पती तुपाचे रिकामे डबे, त्यात बल्ब, तोंडाला गणपतीच्या सजावटीचा जिलेटिन कागद, आणि ते सगळे एका लाकडी चौकटीवर ठोकलेले. मे महिन्यात पडदे बंद करून आम्ही सहा पोरं घामानं निथळत त्या चौकटीपुढं बसायचो. खटका दाबला की दोन डबे पेटायचे.

"काय दिसतंय?"

"सर, मासेमारीची बोट."

"बोट दिसली तुला? कुठाय बोट? मला तर तुपाचं डबं दिसत्यात."

"सर, वर तांबडा, खाली पांढरा."

"हां. आता म्हण बोट. दिसतंय ते आधी सांग. वाटतंय ते मागनं."

हे त्यांचं वाक्य. दिसतंय ते सांग, वाटतंय ते सांगू नको. दिवसातनं दहा वेळा. भाजीवाल्यालासुद्धा तेच. तो म्हणाला मेथी ताजी आहे, की हे म्हणणार, हिरवी दिसतीया एवढंच सांग.

पाठ करून घ्यायची त्यांची रीतही आपल्याकडचीच होती. तांबड्या रश्शाची वाटी वर आणि पांढऱ्याची खाली, म्हणजे मासे. वाट्या उलट्या, पांढरी वर तांबडी खाली, म्हणजे बंदरात वाट दाखवणारा पायलट. आमच्या घरी दोन्ही रस्से एकदम कधी झाले नाहीत, पण मी ते आयुष्यात पुन्हा विसरलो नाही. आणि तांबड्यावर तांबडा? सर आवाज खाली आणायचे. दोन तांबडे, एकावर एक, म्हणजे जहाज स्वतःच्या ताब्यात राहिलेलं नाही. इंजिन गेलंय, नाहीतर सुकाणू गेलंय. ते वळू शकत नाही, तुला वाट देऊ शकत नाही. तूच लांबनं वळसा घालून जायचं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., फिजिक्स. आजोबांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म घेतला, बाबा सातवीपर्यंत शिकले आणि मुरगूडला दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर लागले. मी पदवी घेतली ती माझ्या एकट्याची नाही, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. कॉलेजात मला गोड बोलणारे मास्तर पुष्कळ भेटले. ते माझं आडनाव ऐकून जास्तच गोड व्हायचे. सरांनी माझं आडनाव ऐकलं, आणि चुकल्यावर शेजारी बसलेल्या पाटलाच्या पोराला जे म्हणायचे तेच मला म्हणाले, "गाढवा." आमच्याकडं ही लहान गोष्ट नाही.

माझी तोंडी परीक्षा जवळ आली तेव्हा बाबांनी निरोप धाडला, गुरुजींना जेवायला घेऊन ये. उसाचा हंगाम होता. रविवारी दिवस मावळल्यावर मी सरांच्या स्कूटरवर मागं बसून मुरगूडला निघालो. कागल मागं पडलं आणि अंधारात एक उसाची ट्रॉली जवळजवळ आमच्या अंगावर आली. म्हणजे ती उभीच होती, आम्ही तिच्यावर निघालो होतो. सरांनी स्कूटर कशीबशी बाजूला घेतली. पुढं बघतो तर ट्रॅक्टरपाशी बाबा उभे.

मागच्या ट्रॉलीचा आस मोडला होता. दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं भरलेल्या, रस्त्याचा अर्धा भाग अडवून. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता. त्या काळात कुठल्याच ट्रॉलीला नसायचा, मालक बसवायचे नाहीत आणि कारखान्याच्या गेटवर कुणी विचारायचं नाही. सगळे करतात तेच बाबांनी केलं होतं. मागं रस्त्यावर दगडांची ओळ मांडली होती, त्यावर उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, टाकलं होतं.

सरांनी ते बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. जहाज बंद पडलं म्हणून कोणी समुद्रात खडक टाकतं का? एखादा मोटरसायकलवाला त्या दगडावर जाऊन मरेल. मला दगड उचलायला लावले. मग स्कूटरच्या डिकीतनं बॅटरीचे दोन तांबडे कंदील काढले. वर्गासाठी ते कायम त्यांच्याजवळ असायचे. ट्रॉलीच्या मागं बरोबर मधोमध एक वेळू उभा बांधला आणि त्यावर कंदील टांगले. तांबड्यावर तांबडा.

बाबा दगडांकडं बघत होते. म्हणाले, "साहेब, थोडं तरी ऱ्हाऊ द्या की."

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. "आता तुम्ही ताब्यात नसलेलं जहाज हाय. जगातला कुठलाबी खलाशी बघंल आणि वळसा घालंल."

पोराच्या गुरुजींपुढं काय बोलायचं म्हणून बाबा गप्प बसले. ते गप्प बसणं मला आज आठवलं तरी संताप होतो. कुणाचा, ते मला नीट सांगता येत नाही.

कागल-मुरगूड रस्त्यावर खलाशी नसतात. थोड्या वेळानं मागनं एक जीप आली. वेग काय होता ते सांगत नाही, मला फक्त आवाज आठवतो. जीप ट्रॉलीच्या मागच्या अंगात घुसली. आम्ही तिघं बांधावर होतो म्हणून वाचलो. चालवणारा एकटाच होता, माझ्याएवढाच तरुण. त्याचा पाय मोडला. आम्हीच त्याला बाहेर काढलं, सरांनी त्यांच्या गळपट्ट्यानं पाय बांधला आणि बाबांनी दुसरा ट्रॅक्टर थांबवून त्याला दवाखान्यात धाडलं.

तो एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टरचा भाचा निघाला. मग पुढचं सगळं सरळ झालं. म्हणजे त्यांना सरळ झालं. पंचनामा लिहिला गेला, ट्रॉलीवर दिवा नव्हता, रस्त्यावर कसलीही खूण नव्हती. दिवे फुटून ढिगाऱ्यात गेले होते आणि दगड आम्हीच उचलले होते. ठाण्यातल्या हवालदारानं बाबांना नाव विचारलं, मग गाव, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर त्यानं पेन टेकवलं आणि पुढचं काही न विचारताच लिहीत गेला. मी म्हणालो, दिवा होता. त्यानं मला विचारलं, तू किती शिकलास? मी सांगितलं. तो म्हणाला, मग कळत न्हाई व्हय, मोठी माणसं बोलताना गप बसायचं?

सरांनी रुमालात बांधून आणलेल्या तांबड्या काचा टेबलावर ओतल्या. हवालदार म्हणाला, असल्या काचा रस्त्यावर पडल्याल्याच असत्यात. सर म्हणाले, दिवा होता असं लिहा. तो म्हणाला, बघतो. लिहिलं नाही. बाबांवर गुन्हा लागला. ट्रॅक्टरमालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला, निकाल लागेपर्यंत येऊ नको म्हणाला. निकाल विरुद्ध गेला असता तर लायसन गेलं असतं, आणि बाबांना दुसरं काही येत नव्हतं. एवढ्या सगळ्याला एकच वाक्य पुरलं असतं. दिवा होता.

सर त्या पोराला भेटायला दवाखान्यात गेले, मला घेऊन. मला वाटलं भांडायला चाललेत. पण त्यांनी खाटेजवळ बसून त्याला वर्गात विचारायचे तसंच विचारलं, "काय दिसलं तुला?"

पोरगं अजून औषधाच्या गुंगीत होतं, मामा जवळ नव्हता. खरं बोलून गेलं. "तांबडं दिवं दिसलं की. एकावर एक. मला वाटलं, लांब कुठंतरी टॉवर हाय."

त्या दिवसांत आपल्याकडं डोंगरावर टॉवर उभे राहायला लागले होते, टेलिफोनचे, कसलेकसले. रात्री त्यांचे तांबडे दिवे एकावर एक दिसायचे. मी आनंदानं उभा राहिलो. दिवा दिसला म्हणाला, सुटलो आपण. सर मात्र उठले, जिन्यापर्यंत आले आणि पायरीवर बसले.

"सर, दिसला म्हणाला की तो."

"दिसला," ते म्हणाले. "पण ट्रॉली दिसली न्हाई त्याला. टॉवर दिसला. तो म्या उभा केला."

मामा आल्यावर पोरानं जबाब दिला की काहीच दिसलं नाही. आता आमच्या बाजूनं फक्त सर उरले. आमच्या वकिलानं त्यांना बजावून सांगितलं की दोन तांबडे दिवे होते एवढंच बोला. एकावर एक, टॉवर, वेळू, दगड, यातलं काहीही तोंडातनं काढू नका. मीही हात जोडले. सरांनी मान डोलावली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.

कोर्टात ते पांढरा शर्ट घालून आले, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दिवे होते म्हणाले. जीपवाल्यांचा वकील हुशार होता. त्यानं विचारलं, कसे होते? आणि सरांनी सांगायला सुरुवात केली. सगळं. अंतर, उंची, नियम. वकिलानं मधेच विचारलं, मुरगूडला बंदर कधी झालं? कोर्ट हसलं. वर्गात कुणी नुसता खोकला तरी सर त्याला बाहेर काढायचे. तिथं ते हसू संपेपर्यंत उभे राहिले.

वकील म्हणाला, "म्हणजे हे असले दिवे बघून एखाद्याला ते लांबचा टॉवर वाटू शकतो?"

"वाटू शकतो."

"म्हणजे दिवा चुकीचा होता."

मी डोळे मिटून घेतले. सर वकिलाकडं नाही, न्यायाधीशांकडं वळून बोलले. "पाण्यावर बरोबर. रस्त्यावर चुकीचा. रस्त्यावर ट्रॉली किती रुंद हाय ते दिसाय पाहिजे, दोन टोकांना दोन दिवे पाहिजेत. ते मला सुचलं नाही. ह्या माणसानं दगड मांडले होते, ते मी काढायला लावले. दिवा मी लावला. दिवा होता, आणि चूक माझी होती. दोन्ही लिहून घ्या."

बाबा सुटले. आमच्या वकिलानं नंतर सांगितलं की स्वतःच्या विरुद्ध बोलणारा साक्षीदार खोटा धरता येत नाही, म्हणून न्यायाधीशांनी त्यांचं सगळंच खरं धरलं. सरांना त्यांनी चार शब्द कडक सुनावले. जीपच्या वेगाबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. कारखान्याच्या गेटमधनं रोज आंधळ्या ट्रॉल्या बाहेर पडतात, त्यांच्या मालकाला कुणी बोलावलं नाही. अख्ख्या प्रकरणात आपली चूक सांगणारा एकच माणूस निघाला, आणि लोक हसले ते त्याला.

एका स्थानिक पेपरात चौकट आली, खलाशाचा रस्त्यावर खेळ, अशा काहीशा मथळ्याची. पुढच्या महिन्यात वर्गात दोन पोरं राहिली. सरांच्याच इमारतीत खाली एक अकादमी निघाली होती, दारात पांढऱ्या गणवेशातला पुतळा, आत थंडगार हवा आणि कॉम्प्युटर. तिथला मास्तर नव्या पोरांना म्हणायचा, आमच्याकडं टॉवर शिकवत नाहीत. त्या मास्तरानं स्वतः समुद्र किती बघितला होता ते मी विचारायला गेलो होतो. मला बाहेर काढलं. पुढं वर्ग बंद झाला. दिव्यांची लाकडी चौकट जिन्याखाली गेली, तुपाचे डबे भंगारात.

मी तोंडी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालो. कळवायला गेलो तर सर म्हणाले, काय विचारलं? मी सांगितलं. म्हणाले, सोपं विचारलं.

दर हंगामाला मात्र ते मुरगूडला यायचे. बाबा पुन्हा कामाला लागले होते. सर तांबडे रिफ्लेक्टर लावलेले दोन पत्रे घेऊन यायचे, ट्रॉलीच्या मागच्या दोन टोकांना स्वतः खिळ्यानं ठोकायचे, उजेड पडला की चमकणारे. ठोकताना तोंडानं पुटपुट चालूच. बाबा त्यांना हातोडी द्यायचे. दोघं फारसं बोलायचे नाहीत. जेवून मात्र जायचे.

मग माझ्या फेऱ्या लांबत गेल्या. एकदा नऊ महिन्यांनी परत आलो. बाबा स्टँडवर घ्यायला आले होते, सरांकडं आधी जाऊ म्हणाले, या हंगामाला आले न्हाईत. दिवेलागणीला आमची रिक्षा राजारामपुरीत शिरली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोन तांबडे दिवे लागले होते. एकावर एक.

मी रिक्षातनं वाकून वर बघितलं. बाबांनीही वर बघितलं.

"कप्तानाची ट्रॉली बंद पडल्याली दिसतीया," ते म्हणाले.

दार काकूंनी उघडलं. पावसाळ्यात सरांचं डावं अंग गेलं होतं. ते म्हणायचे, तांबडी बाजू गेली, हिरवी चालू हाय. दिवे त्यांनीच लावायला सांगितले होते. "रोज लावतो मी," काकू म्हणाल्या. "गल्लीला वाटलं गणपतीचं डेकोरेशन ऱ्हायलंय. सोसायटीचं चेअरमन सांगून गेलं, लाल दिव्यानं बिल्डिंगचं नाव खराब होतंय. वर काय झालंय म्हणून विचाराय कोण आलं न्हाई." चार गल्ल्यांपलीकडं सरांनी शिकवलेली पोरं राहत होती. खालच्या अकादमीत तर सबंध वर्ग भरत होता, आणि त्यांना पुस्तकातला हा नियम तोंडपाठ असणार.

सर खाटेवर होते. तोंड एका बाजूला झुकलेलं, पण आवाज तोच.

"काय दिसलं?"

"तांबड्यावर तांबडा, सर."

"म्हंजे?"

"जहाज ताब्यात नाही."

"मग नियम काय?"

"लांबनं वळसा घालून जायचं."

"मग वर कशाला आलास, गाढवा?"

बाबांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, खाटेला लावलं आणि त्यावर बसले.

"साहेब, ते तुमचं पाण्यावरचं," बाबा म्हणाले. "रस्त्यात गाडी बंद पडल्याली दिसली, की आमच्यात थांबत्यात."